पडवीचे पत्रे पुन्हा उडू नयेत म्हणून

3 जून 2020. निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं तेव्हा आम्ही सगळे माजघरात दारं लावून बसलो होतो. पडवीचे पत्रे आधी फडफडले, मग एकेक सुटले. आप्पा म्हणाले, "जाऊदे, माणसं आत आहेत ना!"

नंतर सुताराला घेऊन पाहिलं, तर पत्रे मधून नव्हे, कडेने उचकटलेले. खिळे लाकडातून सरळ उपसून आले होते. असा वारा छपराला वर ओढतो, आणि सगळ्यात जास्त जोर कडा-कोपऱ्यांवर असतो. म्हणून पत्र्याखालच्या लाकडी रिपा काढून लोखंडी पाईप टाकले आणि ते पट्टीने भिंतीच्या काँक्रीटला जखडले. नाहीतर पत्रा पाईपसकट जायचा. खिळ्यांऐवजी जे-हुक (पाईपला अडकणारे J आकाराचे आकडे), रबरी वायसर लावून. मध्ये पत्र्याच्या एकाआड एक उंचवट्यावर, कडेला मात्र प्रत्येक उंचवट्यावर. भोक खोलगटात पाडू देऊ नका, गळतं. नट बेताने आवळा, पत्रा चेपता कामा नये. खर्च वाढतो, पण इथे काटकसर नको.

पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ समुद्रातून गेलं. पत्रे जागचे हलले नाहीत. परसातला एक माड तेवढा आडवा झाला.