बीएस्सीला जेनेटिक्स घेताय? मग आधी मियोसिस पक्का करा

बॉटनी घेऊन एफवायला आलेल्यांसाठी लिहितोय. ज्युनियर पोरांना शिकवताना एक गोष्ट सारखी दिसते, पनेट स्क्वेअर (क्रॉसमधून कुठली संतती किती येईल ते काढायचा चौकोनी तक्ता) सगळे फटाफट काढतात, ३:१ नि ९:३:३:१ ही प्रमाणं झोपेतपण सांगतील, पण कॅपिटल टी आणि स्मॉल टी (एकाच जीनची दोन रूपं) गॅमेटमध्ये (बीजपेशींत) वेगवेगळे जातातच का असं विचारलं की सगळे गप्प. उत्तर मियोसिसमध्ये, म्हणजे क्रोमोसोम निम्मे करणाऱ्या पेशीविभाजनात आहे, त्यातल्या ॲनाफेज वन या टप्प्याला जोडीतले क्रोमोसोम दोन टोकांना जातात, बास, मेंडेलचा पहिला नियम म्हणजे हेच. गंमत म्हणजे १८६६ला पेपर छापताना मेंडेलला यातलं काहीच माहीत नव्हतं, त्याने नुसते वाटाणे मोजले, गोल ५४७४ आणि सुरकुतलेले १८५०. भागून बघा, २.९६ येतं, बरोब्बर तीन नाही, आणि प्रॅक्टिकलला मणी उचलून मोजताना तुमचंपण बरोब्बर तीन येणार नाही, तेव्हा आकडे "सेट" करू नका प्लीज, काय-स्क्वेअर (χ²) टेस्ट, म्हणजे अपेक्षित आणि मोजलेल्या आकड्यांतला फरक नुसत्या योगायोगाचा आहे का ते बघायची चाचणी, त्यासाठीच आहे.

डॉमिनंट जीन (एकच कॉपी असली तरी ज्याचा गुण दिसतो तो) दुसऱ्याला दाबतो वगैरे डोक्यात असेल तर ते आधी काढून टाका. सुरकुतलेल्या वाटाण्यात स्टार्चला फांद्या फोडणाऱ्या एन्झाइमच्या जीनमध्ये डीएनएचा एक जादा तुकडा घुसलेला असतो (हे १९९०ला कळलं), त्यामुळे स्टार्च कमी बनतो, साखर जास्त राहते, दाणा वाढताना पाणी जास्त ओढतो आणि वाळला की आकसतो. एक जरी कॉपी चांगली असली तरी एन्झाइम पुरतं आणि दाणा गोल होतो. कोण कोणाला दाबत नाही.

प्रॅक्टिकलचं सांगायचं तर कांद्याच्या मुळाचं टोक सगळेच करतात, तो मायटोसिस (साधं पेशीविभाजन, क्रोमोसोम तेवढेच राहतात), २एन = १६, म्हणजे पेशीत १६ क्रोमोसोम. टोक अगदी दोनेक मिलिमीटरच घ्या, लांब घेतलं की नुसत्या इंटरफेजच्या (विभाजन चालू नसलेल्या) पेशी दिसतात. मियोसिससाठी कांद्याचे डेंगळे (फुलांचे दांडे) लागतात, घरी किंवा ओळखीत कांद्याचं बी धरणारं कोणी असेल तर तुमची मजा आहे. न उमललेल्या छोट्या कळ्या सकाळी फिक्स करा (पेशी आहे त्या स्थितीत थांबवणाऱ्या द्रावणात टाका), परागकोश ॲसिटोकार्मिनमध्ये (क्रोमोसोम रंगवणाऱ्या रंगात) फोडा. वेगवेगळ्या साइजच्या कळ्या घ्या कारण मोठ्या कळीत पोलन आधीच तयार झालेलं असतं आणि मग स्लाइडवर काय शोधताय तेच कळत नाही. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी जोड्या सुटताना बघितल्या की चॅप्टर निम्मा झाला समजा.

व्हेरिएशन कुठून येतं यावर लांबलचक थिअरी आहे पण नुसता हिशोब करून बघा. माणसात २३ जोड्या, प्रत्येक जोडीतला कुठला जाणार हे दुसरीवर अवलंबून नाही, म्हणजे दोनचा २३वा घात, ८३,८८,६०८ प्रकारचे गॅमेट. जवळपास ८४ लाख! (योनींशी काही संबंध नाही हां, योगायोग, पण आकडा विसरणार नाही.) आणि हे एकाच पालकाचं, क्रॉसिंग ओव्हर (जोडीतल्या क्रोमोसोमनी आपसात तुकडे बदलणं) धरलंच नाही अजून.

म्हणूनच हापूसची कोय लावली तर हापूस मिळत नाही, कोयीत परपरागीभवनाने आलेली नवीनच सरमिसळ असते, म्हणून कलम. ब्रीडरला मात्र हीच सरमिसळ हवी असते, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रावर नीलम आणि हापूस यांच्या क्रॉसमधून निवडूनच रत्ना आंबा आला, आणि रत्ना पसंत पडल्यावर त्याचीपण परत कलमंच. केळ्याचं उलट, आपल्या नेहमीच्या केळ्यात क्रोमोसोमचे तीन सेट म्हणजे ३३, तिघांची धड जोडी लागत नाही, मियोसिस फसतो, बी धरत नाही. म्हणून लागवड कंदाने नाहीतर टिश्यू कल्चरने, आणि सगळी बाग जवळपास एकाच झाडाच्या कॉप्या. मग एखादा रोग एका झाडाला लागला की बाकीच्यांनाही लागतो, ग्रो मिशेल नावाची जात पनामा विल्ट या बुरशीच्या रोगाने अशीच जगाच्या बाजारातून गेली. व्हायवाला बिनबियांचं केळं का हा प्रश्न येतोच, तेव्हा नुसतं "ट्रिप्लॉइड" (तीन सेटवालं) म्हणून थांबू नका, जोडी का लागत नाही ते कागदावर काढून दाखवा.