शनिवारचा पाठ : ज्यूद्वेषाविषयीचे संशोधन वर्गात कसे आणावे

ज्यूद्वेष हा युरोपचा विषय आहे, असे समजून गोव्यातल्या इतिहास शिक्षकाने तो चार ओळींत उरकू नये. पणजीचे उद्यान ज्याच्या नावाने ओळखले जाते, त्या गार्सिया द ओर्तापासून पाठ सुरू करावा. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्याचे घराणे मूळचे ज्यू, सक्तीने ख्रिस्ती झालेले. १५६८ साली तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, जाळले आणि १५८० साली त्याची हाडे उकरून तीही जाळली. इथे थांबावे. ‘पण त्यांचा गुन्हा काय?’ असे मुले विचारतातच.

त्या प्रश्नाचे तयार उत्तर देऊ नये. ज्या गोष्टींवरून कोणी गुपचूप ज्यू धर्म पाळतो असा इन्क्विझिशन संशय घेई, त्या फळ्यावर लिहाव्यात : शनिवारी काम न करणे, त्या दिवशी धुतलेले कपडे घालणे, डुकराचे मांस न खाणे. प्रत्येकीपुढे ‘यात दुसऱ्याचे काय बिघडले?’ असा रकाना ठेवावा. माझ्या वर्गात तो तासभर रिकामा राहिला. मग कोकणातल्या बेने इस्रायलांची ओळख करून द्यावी. मराठी बोलणारे हे ज्यू तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. शनिवार तोच, कोकणात त्यावरून नाव पडले, गोव्यात जीव गेला.

हे आपल्याला कशावरून कळते, हेही शिकवायलाच हवे, कारण संशोधन आणि अध्यापन यांचा सांधा नेमका इथे आहे. १८१२ साली इन्क्विझिशन कायमचे बंद झाले आणि गोव्यातली त्याची बहुतेक दप्तरे नष्ट झाली. उरल्यासुरल्या साधनांवरून अ. का. प्रियोळकरांसारख्या अभ्यासकांनी हा इतिहास उभा केला. वर्गात ख्रिस्ती मुले असतात, म्हणून दोष त्या संस्थेचा आणि तिच्यामागच्या सत्तेचा होता, हे स्पष्ट सांगावे. तिच्या तावडीत धर्मांतरित हिंदूही मोठ्या संख्येने सापडले होते.

दुसऱ्या तासाला विसाव्या शतकात यावे. ज्यूंच्या जागतिक कटाचे म्हणून जे ‘दस्तऐवज’ १९०३ साली रशियात छापले गेले, ते उसनवारीचे बनावट लिखाण असल्याचे लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१ साली मूळ मजकूर शेजारी ठेवून दाखवले. तशीच दोन कागदांची तुलना मुलांकडून करून घ्यावी आणि नंतर व्हॉट्सॲपवर आलेल्या एखाद्या संदेशाला तेच प्रश्न विचारायला लावावेत : हे कोणी लिहिले, कशावरून लिहिले, आणि एकाच्या कृत्याचा दोष साऱ्या समाजावर का टाकला?