वाइड रिसीव्हर पारखताय? मग या चुका टाळा

एनएफएल म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक फुटबॉल लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिथल्या संघांनी पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडणं. २००९ च्या ड्राफ्टमध्ये ऑकलंड रेडर्सनी सातव्या क्रमांकावर डॅरियस हेवर्ड-बे या वाइड रिसीव्हरला उचललं. चाळीस यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, तो ४.३० सेकंदांत धावला होता. दुसरा रिसीव्हर मायकेल क्रॅबट्री पायाच्या दुखापतीमुळे धावलाच नव्हता. तो दहाव्या क्रमांकावर खाडीपलीकडच्या सॅन फ्रान्सिस्कोकडे गेला. पहिल्या हंगामात दोघेही अकरा-अकरा सामने खेळले. हेवर्ड-बेचे झेल ९, क्रॅबट्रीचे ४८.

फुटबॉल म्हणजे इथे अर्थातच अमेरिकन फुटबॉल, लांबुळक्या चेंडूचा. त्यात वाइड रिसीव्हरचं काम सांगायला सोपं आहे: ठरलेल्या वाटेने पळायचं, अंगावरच्या बचावपटूला चुकवायचं आणि क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलायचा. कॉलेजमधली पोरं पाहून यातला कोण पुढे चालेल हे ओळखणं मात्र भल्याभल्यांना जमत नाही. मी रविवारी रात्री साडेदहा-साडेअकराला टीव्हीसमोर बसणारा, मित्रांच्या फँटसी लीगमध्ये नेमाने हरणारा माणूस. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका मी स्वतः केल्या आहेत.

स्टॉपवॉचवर भाळणं

फेब्रुवारीच्या अखेरीस इंडियानापोलिसला कम्बाइन, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांचा मेळा, भरतं आणि चाळीस यार्डांच्या वेळा झळकू लागतात. २०१७ मध्ये जॉन रॉसने ४.२२ सेकंदांचा तेव्हाचा विक्रम केला आणि सिनसिनाटीने त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या हंगामात त्याच्या नावावर एकही झेल नव्हता. दुखापतींनी त्याला छळलं हे खरं, पण ज्या वेगासाठी त्याला घेतलं तो कामी आलाच नाही. त्याच ड्राफ्टमध्ये ४.६२ सेकंद लावणारा कूपर कप ६९ व्या क्रमांकापर्यंत खाली घसरला. २०२१ च्या हंगामात त्याने १४५ झेल, त्या झेलांवर कमावलेले १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन (चेंडू विरोधी संघाच्या शेवटच्या पट्ट्यात नेणं) अशी तिन्ही बाबतींत लीगमध्ये आघाडी घेतली आणि शेवटी सुपर बोलचा, म्हणजे अंतिम सामन्याचा, मानकरीही तोच ठरला.

असं का होतं? सामन्यात कोणी पुढ्यात रिकामी धावपट्टी ठेवत नाही. कबड्डी पाहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. चढाईपटू किती जोरात पळतो यापेक्षा तो हुलकावणी कशी देतो, भरधाव असताना कुठे थबकतो आणि कोणत्या पायावर वळतो, यावर गुण ठरतो. रिसीव्हरचंही तसंच. बचावपटूच्या मनात ‘हा सरळ जाणार’ हे पक्कं बसवायचं आणि मग एका पावलात आत किंवा बाहेर तुटायचं. त्या वळणावर कमरेत खाली बसून वेग एकदम कमी करता येतो का, की चार-पाच बारीक पावलं टाकत आधीच गुपित फोडतो, हे पाहा.

वेग अगदीच बिनकामाचा म्हणून झटकू नका. वेगवान गड्याच्या धास्तीने बचाव दोन पावलं मागे सरकतो, त्यालाही मोल आहे. आणि उलटी चूकही होते. २०१९ मध्ये डीके मेटकाफ सव्वासहा फूट उंच, २२८ पौंडांचा, तरीही ४.३३ सेकंदांत धावला. पण तीन शंकूंभोवती वळणं घेण्याच्या चाचणीला त्याला ७.३८ सेकंद लागले. टॉम ब्रेडी नावाच्या, जिथल्या तिथे उभा राहणाऱ्या क्वार्टरबॅकने २००० साली तीच चाचणी ७.२० मध्ये केली होती, त्यामुळे थट्टेला ऊत आला. मेटकाफ ६४ व्या क्रमांकावर सिॲटलला मिळाला. त्यांनी त्याला सरळ, खोल पळायला लावलं आणि दुसऱ्या वर्षी त्याने १,३०३ यार्ड काढले. एका चाचणीवरून निकाल लावू नका, मग ती गड्याच्या बाजूची असो वा विरोधातली.

अडचणीतल्या झेलांना टाळ्या पिटणं

ही चूक सगळ्यात गोड आणि म्हणून सगळ्यात महाग. बचावपटू पाठीला चिकटलाय, दोघे हवेत झेपावतात आणि आपला गडी एका हाताने चेंडू ओढून आणतो. अशी दृश्यं मोबाइलवर दहा वेळा पाहावीशी वाटतात. पण मग एक प्रश्न विचारा: बचावपटू इतका जवळ आलाच कसा? कॉलेजमध्ये उंचीच्या आणि ताकदीच्या जोरावर भागतं. एनएफएलमध्ये पुढचा कॉर्नरबॅकही, म्हणजे रिसीव्हरला अडवणारा बचावपटूही, तगडा असतो, आणि मोकळं होता न येणाऱ्याकडे क्वार्टरबॅक चेंडूच फेकत नाही.

२०१९ चा ड्राफ्ट याचा धडधडीत नमुना आहे. न्यू इंग्लंडने ३२ व्या क्रमांकावर निकील हॅरी घेतला, फिलाडेल्फियाने ५७ व्या क्रमांकावर जेजे आर्सेगा-व्हाइटसाइड. दोघांचीही ख्याती गर्दीतून चेंडू काढण्याची. हॅरीचे पहिल्या हंगामात १२ झेल झाले, आर्सेगा-व्हाइटसाइडचे १०. त्याच वर्षी ५१ व्या क्रमांकावर गेलेल्या एजे ब्राउनने १,०५१ यार्ड केले आणि ७६ व्या क्रमांकाच्या टेरी मक्लॉरिनने ९१९.

तपासायचं कसं? टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि रिसीव्हर पहिल्या दोन सेकंदांतच चौकटीबाहेर जातो. म्हणजे नेमकं पाहायचं तेच दिसत नाही. उंचावरून सगळे बावीस खेळाडू दाखवणारं ‘ऑल-२२’ चित्रण मिळालं तर सोनंच. नाही तर रिप्लेवर भिस्त ठेवा आणि चेंडूकडे पाहू नका. एका गड्याचे पाय धरा. त्याच्याकडे चेंडू न आलेले रूट, म्हणजे त्या ठरलेल्या वाटा, तर जरूर पाहा, कारण तो मोकळा असूनही फेक दुसरीकडे गेली, हे आकडेवारीत कुठेच उमटत नाही.

कॉलेजचे आकडे जसेच्या तसे धरणं

पाटा खेळपट्टीवरचं शतक आणि हिरव्या खेळपट्टीवरचं शतक आपण एकाच मापाने मोजत नाही. इथेही तेच. कॉलेजच्या मैदानावर मधल्या खुणांच्या दोन ओळींत ४० फूट अंतर असतं, एनएफएलमध्ये अवघे साडेअठरा. कॉलेजमध्ये चेंडू कडेच्या खुणेवर ठेवला की दुसऱ्या बाजूला पळायला ऐसपैस जागा मिळते. झेल घेताना सीमेच्या आत कॉलेजमध्ये एक पाय पुरतो, एनएफएलमध्ये दोन्ही टेकावे लागतात. त्यात अनेक कॉलेज संघांत रिसीव्हरसमोर बचावपटू पाच-सात यार्ड मागे उभा असतो. छाताडावर हात मारणारा कॉर्नरबॅक समोर आला की पहिल्या पावलाचीच पंचाईत होते.

पण छोट्या कॉलेजचा आहे म्हणून कोणाला मोडीतही काढू नका. कूपर कप ईस्टर्न वॉशिंग्टनचा. पण २०१५ मध्ये बलाढ्य ओरेगनविरुद्ध त्याने १५ झेल, २४६ यार्ड आणि ३ टचडाउन केले होते. असे दोन-चार सामने हुडकायचे, बाकीचे बाजूला ठेवले तरी चालतील.

‘हा फक्त स्लॉटचाच’

जस्टिन जेफरसन २०१९ च्या हंगामात एलएसयू या विद्यापीठासाठी बहुतांशी आतल्या जागेवरून, म्हणजे स्लॉटमधून खेळला. १११ झेल, १,५४० यार्ड. बाहेरच्या टोकाला, प्रेससमोर, म्हणजे अगदी पुढ्यात उभ्या बचावपटूसमोर, त्याचं काय होईल अशी शंका अनेकांना होती. मात्र आदल्या वर्षी तो बाहेरूनही खेळलाच होता. ते सामने पाहिले असते तर निम्मी शंका तिथेच फिटली असती. २०२० मध्ये फिलाडेल्फियाने २१ व्या क्रमांकावर जेलन रेगरला घेतलं, मिनेसोटाने २२ व्यावर जेफरसनला. पहिल्याच वर्षी जेफरसनचे १,४०० यार्ड.

घाईचा निकाल

२०२१ च्या सराव सामन्यांत जामार चेसच्या हातून चेंडू सुटत होते. तो म्हणाला, एनएफएलच्या चेंडूवर कॉलेजसारखे पांढरे पट्टे नाहीत, नजर बसत नाही. लोक हसले. हंगाम सुरू झाल्यावर पहिल्याच सामन्यात त्याने १०१ यार्ड काढले, शेवटी १,४५५. डावांटे ॲडम्सचं तर दुसरं वर्षही रडतखडत गेलं. दुखऱ्या घोट्यानिशी तो खेळला, यार्ड झाले ४८३ आणि टचडाउन एक. तिसऱ्या वर्षी १२ टचडाउन.

सुटलेला झेल डोळ्यांत भरतो, पण तो सुटायला आधी मोकळं व्हावं लागतं, हे आपण विसरतो.

मी आता एक वही ठेवलीय. ड्राफ्टच्या आधी गड्याचं नाव आणि तो का आवडला, ते एका ओळीत. तीन वर्षांनी ते पान उघडायचं. नाव चुकलं की बरोबर, यापेक्षा कारण वाचायला जास्त लाज वाटते. २०२० च्या पानावर जेलन रेगरपुढे माझ्याच अक्षरात लिहिलंय: ‘वेग!’ जेफरसनपुढे लिहिलंय: ‘स्लॉट?’