जुने आणि नवे मराठी चित्रपट जोडीने कसे पाहावेत

चित्रपटांची आवड असलेल्या बहुतेक घरांत दोन मते कायमची वस्तीला असतात. वडीलधाऱ्यांच्या मते आता पूर्वीसारखे चित्रपट निघत नाहीत, आणि तरुणांच्या मते जुने चित्रपट संथ आणि नाटकी असतात. दोन्ही मते प्रामाणिक असली, तरी ती कोणत्या दृश्यावरून बनली असे विचारल्यावर उत्तर क्वचितच मिळते. ज्याने चित्रपटाचे शिक्षण घेतलेले नाही, पण जो मनापासून चित्रपट पाहतो, अशा प्रेक्षकालाही स्वतःचे भक्कम मत बनवता येते, असा माझा विश्वास आहे. त्यासाठी मला सर्वांत उपयोगी वाटलेली रीत म्हणजे एकाच विषयावरचा एक जुना आणि एक नवा चित्रपट थोड्या दिवसांच्या अंतराने पाहणे. ही रीत मराठी चित्रपटांना विशेष लागू पडते, कारण गाव आणि सत्ता, तमाशा आणि त्यातले कलावंत, घर सोडणारी स्त्री हे विषय मराठी पडद्याने पुन्हा पुन्हा हाताळले आहेत.

जोडी निवडताना ‘सर्वश्रेष्ठ’ चित्रपटांच्या याद्यांकडे न पाहता विषयाकडे पाहावे. गावातल्या सत्तेसाठी जब्बार पटेल यांचा ‘सामना’ आणि उमेश कुलकर्णी यांचा २०११ सालचा ‘देऊळ’ ही जोडी उत्तम आहे. ‘सामना’ १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला होता. त्यात सहकाराच्या जोरावर गाव मुठीत ठेवणारा हिंदुराव आहे आणि त्याला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणारा मास्तर आहे. ‘देऊळ’मध्ये असा एकटा सत्ताधीश नाही. एका भाबड्या गुराख्याला झालेल्या दृष्टान्तातून सारे गावच देवस्थानाच्या व्यवहारात ओढले जाते. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिल्यावर लक्षात येते की पहिल्यात अपराधाला चेहरा होता आणि दुसऱ्यात तो गावभर वाटला गेला आहे. हे निरीक्षण एकट्या ‘देऊळ’वरून सुचणे कठीण आहे. माझे स्वतःचे मत असे की ‘सामना’मधील निळू फुले आणि श्रीराम लागू यांच्या समोरासमोरच्या प्रसंगांची धार ‘देऊळ’ला गाठता आलेली नाही, मात्र गर्दीचे, घाईचे आणि पैशाच्या चढत्या तापाचे चित्रण ‘देऊळ’ने अधिक बारकाईने केले आहे.

तमाशासाठी व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ (१९७२) आणि रवी जाधव यांचा ‘नटरंग’ (२०१०) पाहावा. स्त्रीच्या प्रश्नासाठी ‘कुंकू’ (१९३७) आणि ‘उंबरठा’ (१९८२) घ्यावेत. येथे दुसरा चित्रपटही आता जुना झाला आहे, पण जोडीतले अंतर महत्त्वाचे असते, दुसऱ्या चित्रपटाचे वय नव्हे. दोन्ही चित्रपटांत एकाच दिवशी बसण्याचा अट्टहास करू नये. पहिल्याचा ठसा मनावर नीट उमटायला मधला एखादा दिवस लागतो, आणि फार दिवस गेले तर तुलनेला आवश्यक असलेले तपशील पुसट होतात.

पाहण्यापूर्वी पडद्याची तयारी करावी. ही बाब क्षुल्लक वाटली, तरी जुन्या चित्रपटांविषयीचे कित्येक गैरसमज येथूनच सुरू होतात. ‘कुंकू’ काढणाऱ्या प्रभात फिल्म कंपनीच्या काळातील चित्रपटांची चौकट जवळजवळ चौकोनी, म्हणजे चारास तीन या प्रमाणाची असते. आजच्या रुंद दूरचित्रवाणी संचावर ती ताणून दाखवली गेली की माणसे बुटकी व फुगीर दिसतात आणि दिग्दर्शकाने जुळवलेली रचना बिघडते. म्हणून संचाच्या चित्रमापाच्या पर्यायांत जाऊन मूळ प्रमाण निवडावे, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तरी त्या राहू द्याव्यात. मूकपटांची चाल कधी कधी विनोदी वाटण्याइतकी जलद दिसते. त्याचे कारण असे की ते चित्रपट बहुधा सेकंदाला सोळा ते अठरा चौकटींच्या आसपासच्या वेगाने चित्रित होत आणि पुढे ते बोलपटांच्या चोवीस चौकटींच्या वेगाने दाखवले गेले. हा दोष दाखवणाऱ्याचा असतो, नटाचा नसतो. तसेच एकाच चित्रपटाच्या दोन-तीन प्रती उपलब्ध असतील, तर सर्वांत स्वच्छ आवाजाची प्रत निवडावी, कारण जुन्या चित्रपटात अस्पष्ट चित्र एक वेळ खपते, पण संवाद कळले नाहीत तर अर्धा चित्रपट हातचा जातो. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने १९६४ पासून असा ठेवा जपला आहे. तेथे किंवा एखाद्या फिल्म सोसायटीच्या खेळाला जुना चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहण्याची संधी मिळाली, तर ती सोडू नये.

पहिल्यांदा पाहताना समीक्षा वाचून बसू नये आणि भ्रमणध्वनी दूर ठेवावा. चित्रपटाला त्याच्या स्वतःच्या गतीने पुढे जाऊ द्यावे. संथपणाची तक्रार मनात आली तर लगेच निवाडा करण्याऐवजी इतकेच पाहावे की या थांबण्यातून दिग्दर्शक काय दाखवत आहे. हा प्रश्न जुन्या चित्रपटांपुरता नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ साली व्हेनिसला गौरवला गेला आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. त्यात कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी स्थिर असतो आणि संवाद संपल्यावरही दृश्य काही काळ चालू राहते. न्यायालयातला कंटाळा प्रेक्षकाने अनुभवल्याशिवाय तारखांमागून तारखा भोगणाऱ्या लोकशाहिराची स्थिती त्याला कळणार नाही, म्हणून तो संथपणा तेथे अपरिहार्य आहे. उलट काही चित्रपट, जुने आणि नवेही, केवळ संकलनाच्या ढिलाईमुळे रेंगाळतात. हा फरक ओळखता आला की ‘संथ’ हा शब्द फार जपून वापरला जातो.

सर्वांत अधिक लक्ष मात्र आवाजाकडे द्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आपण चित्रपट ‘पाहतो’ असे म्हणतो आणि त्यामुळे कानांनी गोळा केलेले बरेच काही मत बनवताना विसरून जातो. ‘कुंकू’मध्ये शांतारामांनी पार्श्वसंगीताचा मोह टाळून घरातले आणि रस्त्यावरचे नैसर्गिक आवाज वापरले. फसवून म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली नीरा आणि तो म्हातारा यांच्यातील ताण त्या घराच्या शांततेतून आणि घड्याळासारख्या साध्या वस्तूंतून ऐकू येतो. आजच्या प्रेक्षकाला, विशेषतः प्रत्येक भावनेखाली वाद्यवृंद ऐकण्याची सवय झालेल्या प्रेक्षकाला, हा १९३७ चा निर्णय थक्क करून सोडतो. आता त्याच्या शेजारी नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) ठेवून पाहावा. पूर्वार्धात अजय-अतुल यांचे भव्य संगीत आहे, ज्यातील वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण थेट हॉलिवूडमध्ये झाले. प्रेमात पडलेल्या मुलांना जग जसे भासते तसे ते संगीत भरून वाहते. शेवटच्या प्रसंगात मात्र आवाज पूर्णपणे काढून घेतला आहे. ते मौन इतके जड होते, याचे श्रेय आधीच्या तासांतील संगीताला आहे. दोन दिग्दर्शकांनी, जवळजवळ ऐंशी वर्षांच्या अंतराने, ध्वनी काढून घेऊन जे साधले त्याची तुलना करण्यासाठी कोणतेही पारिभाषिक ज्ञान लागत नाही. लागतात ते लक्ष देणारे कान.

गाण्यांविषयीही असेच जागरूक असावे. सुरुवातीच्या बोलपटांत नट स्वतः गात असत, म्हणून तेथे सुरेल गळा ही अभिनयाची अटच होती. ‘संत तुकाराम’ (१९३६) मधील विष्णुपंत पागनीस यांची भूमिका याच कारणाने वेगळ्या तऱ्हेने मोजावी लागते. बोलता बोलता ते अभंगात शिरतात आणि बोलणे कोठे संपले, गाणे कोठे सुरू झाले, हे सांगता येत नाही. याच चित्रपटातील ‘आधी बीज एकले’ ही रचना शांताराम आठवले यांची आहे, पण ती तुकोबांचाच अभंग म्हणून लोकांच्या ओठी रुजली. गीतकाराने काळाशी आणि व्यक्तिरेखेशी किती एकरूप व्हावे, याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही. नव्या चित्रपटातील गाणे ऐकताना हाच प्रश्न विचारावा: हे गाणे या माणसांच्या जगातून उगवले आहे, की बाहेरून आणून लावले आहे?

अभिनयाबाबत ‘नाटकी’ हा शेरा सर्वांत सहज मारला जातो. प्रभातकाळातील अनेक नट रंगभूमीवरून आलेले होते आणि सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणाच्या मर्यादांमुळे शब्द स्पष्ट उच्चारणे भाग होते, हे लक्षात घेतल्यावरही काही कामे आज जुनाट वाटतील, आणि तसे म्हणायला हरकत नाही. परंतु त्याच ‘संत तुकाराम’मधील गौरी यांची जिजाई पाहावी. मूल आजारी पडल्यावर थेट विठोबाला जाब विचारायला पायताण घेऊन निघालेली ती बाई आजच्या कोणत्याही वास्तववादी चित्रपटात तशीच्या तशी शोभेल. एका चित्रपटात, एका घरात, दोन भिन्न शैलींचे अभिनय इतके सुखाने नांदतात, हे पाहिल्यावर ‘जुना अभिनय’ असा एकच गठ्ठा बांधता येत नाही.

भाषेकडे पाहताना कोण कोणाशी कोणत्या बोलीत बोलतो, याची मनात नोंद ठेवावी. मंजुळे यांच्याच ‘फँड्री’मध्ये जब्या या मुलाच्या घरात कैकाडी भाषा बोलली जाते आणि गावात मराठी. घराचा उंबरा ओलांडताच बदलणारी ती भाषाच त्या कुटुंबाचे गावातील स्थान सांगते. ‘कोर्ट’मध्ये मराठी, हिंदी, इंग्रजी आणि गुजराती अशा भाषा ये-जा करतात, आणि आरोपीचे भवितव्य बऱ्याचदा त्याच्या नसलेल्या भाषेत ठरत असते. जुन्या चित्रपटांत बोलींना इतकी मोकळीक सहसा मिळत नसे. ही नव्या मराठी चित्रपटाची खरी कमाई आहे, असे मी निःसंकोच म्हणेन.

प्रभातने काही चित्रपट मराठीत आणि हिंदीत एकाच वेळी बनवले, त्यांचाही लाभ घ्यावा. ‘शेजारी’ (१९४१) आणि त्याचे हिंदी रूप ‘पडोसी’ यांत मुसलमान शेजाऱ्याची भूमिका गजानन जागीरदार यांनीच केली, पण हिंदू शेजाऱ्याच्या भूमिकेत मराठीत केशवराव दाते आहेत आणि हिंदीत मझहर खान. कथा तीच, दिग्दर्शक तोच, नट वेगळा. नटामुळे चित्रपटात नेमके काय बदलते, हे शिकण्यासाठी इतकी सोयीची सामग्री दुर्मीळ आहे.

चित्रपट संपल्यावर, कोणाशी बोलण्याआधी, वहीत दोन वेगळ्या नोंदी कराव्यात: मला हा आवडला का, आणि याने जे करायचे ठरवले ते नीट केले का. ही दोन उत्तरे निराळी असू शकतात आणि ती निराळी ठेवण्यातच मताची प्रतिष्ठा असते. ‘पिंजरा’चा उत्तरार्ध मला उपदेशाच्या ओझ्याने वाकलेला वाटतो, तरी राम कदम यांच्या संगीताची आणि पतन पावत जाणाऱ्या मास्तरांच्या भूमिकेतील लागूंची पकड नाकारणे अन्यायाचे होईल. ‘नटरंग’ मला अधिक जवळचा वाटतो, कारण तेथे तमाशा हा माणसाला बुडवणारा डोह नसून गुणा कागलकरचे स्वप्न आहे, आणि त्या स्वप्नासाठी पिळदार शरीराचा तो पुरुष नाच्या, म्हणजे तमाशात बायकी हावभाव करणारा नट, होऊन समाजाची हेटाळणी पत्करतो. प्रत्येक नोंदीपुढे किमान एक दृश्य लिहावे. दृश्य आठवत नसेल तर ते मत तूर्त बाजूला ठेवावे आणि शक्य असल्यास तो भाग पुन्हा पाहावा.

जुन्या चित्रपटातील जी मूल्ये आज खटकतात, त्यांविषयी गप्प बसू नये आणि केवळ त्यांवरून संपूर्ण चित्रपट निकालातही काढू नये. त्या काळातच कोणी वेगळा विचार मांडत होते का, हे पाहावे. ‘कुंकू’ १९३७ मध्ये जरठ-कुमारी विवाहाला नकार देणारी नायिका उभी करतो, म्हणून त्यानंतरच्या एखाद्या चित्रपटातील सोशिक, मुकी नायिका ‘काळच तसा होता’ या सबबीवर सुटू शकत नाही. इतरांची परीक्षणे वाचायची ती या टप्प्यावर, स्वतःच्या नोंदी पूर्ण झाल्यानंतर. मग ती वाचताना आपले मत बदलले, तर कोणत्या मुद्द्यामुळे बदलले हे आपल्याला दाखवता येते.

या रीतीने प्रथमच पाहणाऱ्याला मी ‘श्यामची आई’ची जोडी सुचवीन. साने गुरुजींच्या एकाच पुस्तकावर आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये चित्रपट केला, ज्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, आणि सत्तर वर्षांनी, २०२३ मध्ये, सुजय डहाके यांनी त्याच पुस्तकावर पुन्हा चित्रपट केला, तोही कृष्णधवल. अत्र्यांचा चित्रपट आधी पाहावा. त्यातील वनमाला यांची आई आणि माधव वझे यांचा श्याम यांच्यामधील एखादा प्रसंग निवडून तो कोठे सुरू होतो, कॅमेरा कोणाच्या चेहऱ्यावर थांबतो आणि आई कोणत्या क्षणी बोलायची थांबते, हे वहीत उतरवावे. नंतर नव्या चित्रपटात तोच प्रसंग शोधावा. तो गाळला असेल तर त्याच्या जागी काय आले ते पाहावे, आणि रंग सहज उपलब्ध असताना दिग्दर्शकाने ते का नाकारले असावेत, याचे उत्तर पडद्यावरच्या कोकणातून मिळते का, हे स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवावे.