घर घेताना तपासणीचा रिपोर्ट हातात आला, आता पुढे काय तपासायचं?

पुण्यात आता रिसेल फ्लॅट घेताना लोक इंजिनिअर बोलावून तपासणी करून घ्यायला लागलेत, खरंच चांगली गोष्ट आहे, पण रिपोर्टमध्ये 'एकंदर स्थिती समाधानकारक' असं वाचलं की बरेच जण निर्धास्त होऊन टोकन देऊन टाकतात आणि तिथेच फसतात. तपासणारा माणूस दोन-तीन तास घरात असतो, कपाट हलवत नाही, टाइल फोडत नाही, फॉल्स सीलिंग उघडत नाही, त्या दिवशी जे डोळ्यांना दिसलं तेवढंच तो लिहून देतो. त्यात त्याची काही लबाडी नसते, तेवढ्याच कामाचे पैसे आपण दिलेले असतात. बाकीचं आपल्यालाच शोधायला लागतं, कसं ते सांगतो.

१. आधी कुठला कागद कशासाठी आहे ते बघा

बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला म्हणजे घर तपासून झालं असं समजू नका, कर्ज थकलं तर फ्लॅट विकून पैसे निघतील का एवढंच तो बघतो. बंगला किंवा रो-हाऊस असेल तर भूमी अभिलेख खात्याची मोजणी जरूर करून घ्या आणि क प्रत (मोजणीचा नकाशा) घेऊन स्वतः कंपाउंडच्या कडेने चालत जा. कंपाउंड दीड फूट शेजारच्या प्लॉटमध्ये गेलंय हे मोजणीत कळेल, पण विकणाऱ्याच्या बहिणीचा त्यात हिस्सा आहे का हे मोजणीत कळणार नाही. ते वकिलाचं काम.

२. रिपोर्ट शेवटच्या पानापासून वाचा

काय तपासलं नाही ते तिथे बारीक अक्षरात असतं. 'बंद असल्याने पाहता आले नाही', 'कन्सील्ड (भिंतीच्या आतली) पाइपलाइन समाविष्ट नाही', 'गच्चीची चावी मिळाली नाही' अशी वाक्यं पेनाने अधोरेखित करा आणि इंजिनिअरला फोन करून सरळ विचारा की तुम्हाला कुठे शंका आली पण खात्री करता आली नाही. लेखी द्यायला कचरतात पण फोनवर मोकळं बोलतात. त्यातून जी यादी निघेल ती तुमची पुढची कामं.

३. पाण्याला सगळ्यात जास्त वेळ द्या

आपल्याकडे घराचे व्यवहार पाडवा, अक्षय्य तृतीया बघून होतात म्हणजे ऐन मार्च-एप्रिल-मे मध्ये, आणि तेव्हा भिंती कित्येक महिने पाऊस न लागलेल्या, खडखडीत कोरड्या असतात. ओलावा मोजायचं मशीन लावलं तरी आकडा चांगलाच येतो. म्हणून उन्हाळ्यात घर बघत असाल तर ओल शोधू नका, ओलीच्या खुणा शोधा. बाथरूमच्या बाहेरच्या बाजूची भिंत स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाशी लावलेल्या टाइलच्या पट्टीच्या) जरा वर नीट बघा, तिथे अंगठ्याने दाबल्यावर पोपडा निघतो का, पांढरी पावडर बोटाला लागते का, का एवढ्याच पट्ट्याला नवीन रंग मारलाय. पश्चिमेकडच्या भिंती आणि खिडक्यांचे खालचे कोपरे सोडू नका, पावसाचा मारा तिकडूनच असतो.

मालक तयार असेल तर अजून एक करा. बाथरूमची नहाणी ट्रॅप (पाणी जायचं भोक) कापड कोंबून बंद करायची, दोन-तीन इंच पाणी भरून २४ तास ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी खालच्या फ्लॅटवाल्यांना विनंती करून त्यांचं सीलिंग बघायचं. संडास-बाथरूमचा स्लॅब खाली घेऊन वर विटांचे तुकडे भरलेले असतात, गळती त्याच्या आत मुरत राहते आणि वरून टाइल अगदी छान दिसते. वरच्यांचं बाथरूम तुमच्या डोक्यावर आहे हेही विसरू नका, फॉल्स सीलिंगमधला एखादा लाइट काढून टॉर्च मारून बघा.

घराबाहेरचं पाणी तर कुठल्याच रिपोर्टमध्ये नसतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने अरण्येश्वर, सहकारनगर भागात हाहाकार केला, जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडच्या एकता नगरीत घरांत पाणी शिरलं, लोकांचे संसार चिखलात गेले हो. नदी किंवा ओढा जवळ असेल तर पूररेषेचा नकाशा बघाच, निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. आणि तळमजल्यावर राहणाऱ्यांना, वॉचमनला विचारा पाणी कुठपर्यंत आलं होतं, ते हाताने भिंतीवर दाखवतात.

४. फ्लॅट चांगला म्हणजे बिल्डिंग चांगली असं नाही

तुमच्या इंजिनिअरने एक फ्लॅट बघितला, कॉलम मात्र सगळ्या बिल्डिंगचे आहेत. सोसायटीच्या बायलॉजप्रमाणे (उपविधी, म्हणजे सोसायटीचे नियम) १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० च्या पुढे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, व्हायला पाहिजे. सेक्रेटरींकडे पूर्ण रिपोर्ट मागा, नुसतं सर्टिफिकेट नको. ऑडिटमध्येही हॅमर टेस्ट (काँक्रीट किती पक्कं आहे ते बघायची चाचणी) वगैरे निवडक कॉलमवरच होते, तेव्हा कुठले कॉलम घेतले ते बघा आणि स्वतः पार्किंगमध्ये जाऊन उभ्या लांब भेगा, गंजाचे तपकिरी ओघळ, ठोकल्यावर पोकळ वाजणारं प्लास्टर दिसतंय का बघा. सिंकिंग फंडात (सोसायटीने मोठ्या कामांसाठी साठवलेल्या पैशांत) किती शिल्लक आहे आणि मोठी दुरुस्ती ठरली आहे का हेही त्याच भेटीत विचारून घ्या.

५. कागदांनाही मर्यादा असतात

मंजूर नकाशा हातात घेऊन घरात फिरा, बंद केलेली बाल्कनी, गच्चीवरची वाढीव खोली असं काही असलं तर तपासणीत ते छान, मजबूत म्हणूनच येईल, बेकायदा आहे हे तिथे लिहिलेलं नसेल. भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याची पालिकेची परवानगी) बघा. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च घ्या, पण सर्चमध्ये फक्त नोंदणी झालेले दस्त दिसतात, घरातल्या घरात झालेली वाटणी किंवा साध्या कागदावर घेतलेला विसार दिसत नाही, म्हणून कुणाचा हक्क असेल तर त्याने पुढे यावं यासाठी पेपरात जाहीर नोटीस द्यायचा खर्च अजिबात वाचवू नका.

नवीन फ्लॅट असेल तर थोडं सोपं आहे, रेरा (रिअल इस्टेट) कायद्यात ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष कळवला तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. तक्रार लेखीच करा, तारखेचे फोटो जोडा.

६. विसार पावतीत लिहून घ्या

गळती होती का, कधी दुरुस्त केली, सोसायटीची काही थकबाकी आहे का, कोर्टात काही चालू आहे का, हे मालकाकडून लेखी घ्या. ऑडिट रिपोर्ट, सोसायटीची एनओसी आणि क्लिअर टायटल यातलं काही मिळालं नाही तर विसार परत, ही अटही त्यातच टाका. एजंट म्हणेल 'दुसरी पार्टी तयार आहे, आज टोकन द्या'. देऊ नका.