पीएडब्ल्यूचं छोटं डिझेल इंजिन बोटाने सुरू कसं करावं

इंग्लंडमधल्या मॅकल्सफील्डच्या प्रोग्रेस एअरो वर्क्सची, म्हणजे पीएडब्ल्यूची, १.४९ सीसीची मॉडेल विमानांची डिझेल इंजिनं 'सुरूच होत नाही' म्हणून कपाटात पडलेली मी बरीच पाहिली. इंजिनात खोट क्वचितच असते. 'अजून कॉम्प्रेशन दे आणि जोरात फिरव' हा सल्ला तेवढा तुम्ही विसरा.

इंजिन जाड लाकडी पट्ट्यांवर बोल्टांनी पक्कं बसवा. ८ बाय ४ इंचांचा पंखा असा आवळा की समोरून पाहताना पातं घड्याळातल्या दोनपाशी आलं की बोटाला दाब लागायला लागेल. बोटावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा. पातं उलट मारतं तेव्हा नख शिल्लक राहतं.

इंधन म्हणजे इथर, रॉकेल आणि एरंडेल समसमान, वर साधारण २ टक्के आयसोप्रोपिल नायट्रेट. पंपावरचं डिझेल नको. इथे ना स्पार्क प्लग, ना ग्लो प्लग. दाबाने तापलेल्या हवेत इथर पेटतं. बाटलीचं झाकण उघडं राहिलं की इथर उडून जातं, मग बसा हात दुखेपर्यंत पंखा फिरवत. काडी-विडी लांब, आणि हे सगळं उघड्यावर.

सुई, म्हणजे इंधन किती जावं ते ठरवणारा स्क्रू, तीन फेरे उघडा, हवेच्या तोंडावर बोट ठेवून पंखा दोनदा फिरवा.

आता कॉम्प्रेशन. वरची आडवी दांडी आवळली की सिलिंडरच्या डोक्यातला कॉन्ट्रापिस्टन, म्हणजे वरच्या बाजूचा दुसरा छोटा पिस्टन, खाली सरकतो आणि आतली जागा कमी होऊन दाब वाढतो. दांडी सैल केली म्हणून तो वर येत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं! त्याला वर ढकलतो तो आतला दाब. जुन्या इंजिनात एरंडेल सुकून गोंद झालेलं असतं, कॉन्ट्रापिस्टन चिकटून बसतो. आपण समजतो कॉम्प्रेशन कमी केलं, आत मात्र जागा तेवढीच. त्यात इंधन जास्त झालं तर पिस्टनला वर जायला वावच उरत नाही. मी असाच जोर लावला आणि कनेक्टिंग रॉड वाकवला. म्हणून इलेक्ट्रिक स्टार्टर या इंजिनांजवळ आणायचाच नाही. बोटाला अडथळा कळतो, मोटरला कळत नाही.

दांडी फिरवल्यावर ढिली लोंबकळत असेल तर हेअर ड्रायरने डोकं तापवा आणि पंखा हळूहळू फिरवा. कॉन्ट्रापिस्टन वर येऊन दांडीला टेकला की ती पुन्हा घट्ट लागते. मग दांडी अर्धा फेरा मागे घ्या आणि पंखा हाताने एकदा सावकाश फिरवून बघा. दाब स्प्रिंगसारखा लागला तर ठीक. भिंतीला टेकल्यासारखा लागला तर आत इंधन साचलंय: इंजिन उलटं करा, एक्झॉस्टमधून फुंकर मारा, पुन्हा फिरवा.

आता झटके द्या. दर चार-पाच झटक्यांनी दांडी आठवा भाग फेरा पुढे घ्या, त्याहून जास्त नाही. 'फट्' झालं की जवळ आलात. सुरू होऊन अडखळत चाललं तर कॉम्प्रेशन किंचित वाढवा. आवाज जड होऊन वेग उतरला तर लगेच कमी करा. तापल्यावर बहुतेक वेळा थोडं मागे घ्यावंच लागतं. त्यानंतरच सुई आवळून वेग जुळवा.

नवं असेल तर सुई थोडी उघडीच ठेवून दोन-दोन मिनिटं चालवा. बंद करताना इंधनाची नळी चिमटीत धरा. कपडे जुने घाला, एरंडेलाचे डाग निघत नाहीत.