आठवड्याच्या बातम्यांवर जोक कसे लिहायचे

आमच्याकडं लातूर-नांदेडच्या पट्ट्यात चार जण टपरीवर बसले की बातम्यांची खेचायलेच असतेत, पण तेच लिहायची वेळ आली की पोरं हेडिंग कॉपी करून खाली हसायची इमोजी टाकतेत आणि त्यालाच जोक म्हणतेत, ते बघून लई जीव तुटतो म्हणून हे सविस्तर लिहायलो.

आधी बातमी शेवटपर्यंत वाचा. जोकचा माल चौथ्या-पाचव्या ओळीत सापडतो, एखाद्या आकड्यात नाहीतर सरकारी शब्दात. मार्च २०२४ मध्ये जामनगरला अंबानींच्या घरचा लग्नाआधीचा सोहळा झाला, तवा सगळे तिथं गायला आलेल्या परदेशी गायिका रिहानाच्या मानधनावर बोलायले होते आणि सगळ्यांचे जोक सारखेच. आत एक बारीक ओळ होती, पाहुण्यांच्या विमानांसाठी तिथल्या विमानतळाला १० दिवस आंतरराष्ट्रीय दर्जा दिला म्हणून. ही ओळ आपल्या दारात आणून बघा: "त्यांच्या पाव्हण्यांसाठी विमानतळ आंतरराष्ट्रीय झालं, आमच्या पाव्हण्यांसाठी एसटी निदान फाट्यावर थांबवा." शिवी नाही, खोटं नाही, दोन गोष्टी शेजारी ठेवल्या एवढंच. आणि फाटा शेवटाकडं आलाय बघा, तो आधी सांगितला असता तर मजाच गेली असती. त्याच्यापुढं समजावून सांगत बसायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जोक कुणावर. एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्यावर घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईची चेष्टा करणारे मेसेज फिरवू नयेत असं माझं ठाम मत आहे. पुढच्या महिन्यात त्याच पाण्याचं सुमारे ४ कोटींचं बिल रेल्वेनं जिल्हाधिकाऱ्यांकडं पाठवलं, जोक तिथं आहे: "तहानलेल्याला पाणी पाजलं की पुण्य लागतं म्हणायचे, लातूरला बिल लागलं."

तमाशाच्या बतावणीतला सोंगाड्या बघितला असेल तर आठवा, तो अडाण्यासारखा साधा प्रश्न विचारतो आणि समोरचा उत्तर देता देता फसतो. मंत्र्याच्या घोषणेवर हीच पद्धत लई चालते, टीका करायच्या ऐवजी "मग साहेब, पैसे कोणत्या खात्यात येणार?" एवढंच विचारा.

सिनेमावाल्यांचं म्हणाल तर त्यांनी स्वतःहून बाजारात मांडलेलं, म्हणजे जाहिरात, मुलाखत, मोठमोठे दावे, त्यावर बिनधास्त लिहा. अक्षय कुमारनं एप्रिल २०२२ मध्ये विमल इलायचीच्या जाहिरातीबद्दल माफी मागून माघार घेतली, असली बातमी हक्काची. पण घटस्फोट, आजारपण, शरीर, लेकरं, ह्याला हात लावू नका.

आणि एक, नटाच्या तोंडी आपलं वाक्य अवतरणचिन्हात घालून बातमीसारखा फोटो बनवायचा नाही, दोन फॉरवर्डनंतर लोक ते खरं समजतेत. खोटं लिहून कुणाची अब्रू घालवली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे, २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

लिहून झालं की बातमी न वाचलेल्या माणसाला, घरात आईला किंवा टपरीवाल्या मामाला, वाचून दाखवा. आधी बातमी समजवायला दोन मिनिटं लागली तर वरची ओळ बदला, आणि बदलूनही जमत नसलं तर तो जोक सोडून पुढची बातमी घ्या, पुढच्या रविवारपर्यंत तो तसाही शिळा होतो.